बाबांची बीटल खाली बसवायची आहे, पण दादा नाही म्हणतो

*काका, सप्रेम नमस्कार.*

*आमच्या बाबांकडे १९६६ सालची फोक्सवॅगन बीटल आहे, १३०० इंजिनाची. आता त्यांना गाडी चालवणं जमत नाही म्हणून त्यांनी ती मला आणि दादाला मिळून दिली. "काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा," एवढंच म्हणाले. मला लहानपणापासून जमिनीला टेकतील की काय अशा, खाली बसवलेल्या जुन्या जर्मन गाड्यांचं वेड आहे. दादाला ते अजिबात पटत नाही. तो म्हणतो, जर्मन इंजिनिअरांनी उंची ठरवली ती विचार करूनच, आपण त्यात शहाणपणा करू नये. गाडीची किंमत मातीमोल होईल, आणि हे पोरासोरांचे चाळे आहेत. एका वर्कशॉपवाल्याने पुढच्या सस्पेन्शनमधल्या काही पट्ट्या काढून एका दिवसात, कमी पैशांत गाडी खाली आणून देतो असं सांगितलंय. दादाला न विचारता करून टाकावं असं मनात येतं. की हौसच सोडून द्यावी? आणि बम्पर काढले तर चालतील का?*

*— दोघांतली धाकटी*

प्रिय धाकटी,

दादाला न विचारता काही करू नकोस. आणि हौस सोडूही नकोस. त्या वर्कशॉपवाल्याला मात्र आजच नाही म्हणून कळव. त्याचं कारण पुढे सविस्तर सांगतो.

तुझं वेड मला पुरतं समजतं. एकदा गुडघ्यावर बसून, चाकाच्या मध्याच्या उंचीवर डोळे आणून तुमच्या बीटलचा पुढचा मडगार्ड बघ. एर्विन कोमेंडाने आखलेल्या त्या बॉडीत सरळ रेघ शोधून सापडत नाही. मडगार्डची कड हा एक गोल आणि टायर हा त्याच्या आतला दुसरा गोल. कारखान्याच्या उंचीला या दोन गोलांमध्ये बरीच मोकळी जागा राहते आणि गाडी टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसते. तीच गाडी थोडी खाली आली की दोन्ही गोल एकमेकांत नीट बसतात, छपराचा उतार लांब वाटायला लागतो, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या त्या पत्र्याचा आकार खऱ्या अर्थाने दिसतो. ज्याला हे एकदा दिसलं त्याला ते पुन्हा न दिसणं अवघड आहे. दादाला ते दिसत नसेल, पण म्हणून तुझं दिसणं खोटं ठरत नाही.

आता दादाचं म्हणणं. उंचीबद्दल तो अर्धा बरोबर आहे. इंजिनिअरांनी विचार केलाच होता, पण तो कशाचा होता तेही बघायला हवं. फर्डिनांड पोर्शने टॉर्शन बारच्या, म्हणजे पीळ बसून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांच्या, सस्पेन्शनचं पेटंट १९३१ मध्ये दाखल केलं आणि लोकांची गाडी म्हणून बीटलचं काम १९३४ मध्ये हाती घेतलं. चार-पाच माणसं आणि सामान भरून, त्या काळच्या कच्च्या-पक्क्या रस्त्यांवर ही गाडी वर्षानुवर्षं धावायची होती. त्या कामासाठी ती उंची योग्यच होती. सुट्टीच्या दिवशी चांगल्या रस्त्यावर दोघांना घेऊन फिरणाऱ्या गाडीचं काम वेगळं आहे.

शिवाय आपल्या गाड्यांना हात लावायला जर्मन माणसाने कधीच कमी केलं नाही. गेरहार्ड ओटिंगर १९५०च्या दशकापासून बीटलच्या इंजिनासाठी दोन कार्ब्युरेटरचे संच विकत होता. कार्ल मायर नावाच्या गृहस्थाने वोल्फ्सबुर्गमध्येच, म्हणजे कारखान्याच्या सावलीत, गाड्यांची जोडसाधनं बनवायची कंपनी काढली आणि स्वतःच्या नावातून तिचं 'कामाय' हे नाव घडवलं. आऊफ्रेख्ट आणि मेल्खर या दोघांनी १९६७ मध्ये मर्सिडीजची इंजिनं सुधारणारी कंपनी काढली, तीच आजची एएमजी. बावेरियातल्या बुखलोमध्ये बोव्हेनसिपेनने बीएमडब्ल्यूवर काम करत अल्पिना उभी केली. श्वार्झवाल्डमधल्या शिल्टाख गावच्या बाउमगार्टनर आणि ब्रांड यांनी १९७० मध्ये बीबीएस काढली, आणि जाळीदार चाक म्हटलं की आजही त्यांचंच चाक डोळ्यांसमोर येतं. ही सगळी माणसं कारखान्याचा मान राखूनच कारखान्याच्या पुढे गेली.

खुद्द फोक्सवॅगनमध्येही तेच झालं. अल्फोन्स लोवेनबर्ग आणि कंपनीतल्या मूठभर लोकांनी वरिष्ठांचा हुकूम नसताना कंपनीच्या साध्या 'गोल्फ' गाडीतून वेगवान गोल्फ घडवायचा घाट घातला. १९७६ मध्ये ती जीटीआय म्हणून विक्रीला आली, ११० अश्वशक्तीची आणि साध्या गोल्फपेक्षा जरा खाली बसलेली. सुरुवातीला ५,००० गाड्या काढायचं ठरलं होतं, पण पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून जास्त खपल्या. 'पोरासोरांचे चाळे' या शेऱ्यावर दादाला एवढंच सांग, की त्या जीटीआयच्या सीटचं चौकड्यांचं कापड आणि गिअरच्या दांड्यावरचा गोल्फच्या चेंडूसारखा मुठा, या दोन्ही गोष्टी गुनहिल्ड लिलिएक्विस्ट या बाईंच्या डोक्यातून आल्या. याच गाड्यांच्या प्रेमापोटी १९८२ पासून ऑस्ट्रियातल्या वोर्थरझे तळ्याकाठी मेळावे भरू लागले. तिथल्या राइफनित्स गावात ग्रॅनाइटमध्ये कोरलेली जीटीआय उभारली गेली. एखाद्या हौसेची गावाने दगडात आठवण ठेवावी, इतकी ती हौस मोठी झाली.

किमतीच्या बाबतीत मात्र दादाचं ऐक. जुन्या गाडीची किंमत मूळपणावर ठरते, आणि एकदा कापलेला पत्रा किंवा वितळवलेलं लोखंड मागे येत नाही. जर्मनीतल्या नियमाकडे बघ. तिथे ३० वर्षं झालेल्या, चांगल्या आणि मूळ रूपातल्या गाडीला १९९७ पासून 'एच' अक्षराची वेगळी नंबर प्लेट मिळते, आणि तिचा वर्षाचा कर ठरलेला असतो, साधारण १९१ युरो. त्या गाडीवर काहीही बदललेलं चालत नाही असं नाही. गाडीच्या तरुणपणी जे बदल लोक करत होते, ते मान्य होतात. कालपरवा निघालेली साधनं लावली तर प्लेट मिळणं कठीण. मला हा दृष्टिकोन फार शहाणा वाटतो आणि तुम्हा भावंडांच्या भांडणावरचा तोडगाही मला त्यातच दिसतो. जे करशील ते पाना घेऊन परत उलटं करता आलं पाहिजे, आणि मूळ भाग घरातून जाता कामा नये. या दोन अटी तू स्वतःहून दादासमोर ठेव. त्याने घातल्या म्हणून मानण्यापेक्षा तू आधी मांडलेल्या बऱ्या.

तुझं नशीब असं की खाली आणण्यासाठी बीटलइतकी समजूतदार गाडी दुसरी नसेल. कापाकापी न करता ती बरीच खाली येते.

पहिली पायरी टायरची. तुमच्या गाडीला मूळचा टायर ५.६०-१५ मापाचा. पुढच्या दोन चाकांना १४५/६५ आर १५ घातले तर टायरचा व्यास साधारण ८ सेंटीमीटरने घटतो, म्हणजे सस्पेन्शनचा एक बोल्टही न सोडवता नाक ४ सेंटीमीटर खाली येतं. मागे मूळ मापाचेच टायर ठेव. पुढे लहान आणि मागे मोठं चाक, नाक किंचित खाली, हीच दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांची १९६०-७०च्या दशकातली 'कॅल लुक' ढब. फक्त एक लक्षात ठेव. बीटलच्या स्पीडोमीटरची केबल पुढच्या डाव्या चाकातून निघते. टायर लहान झाला की काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवणार, खरा ७० असेल तर ८०च्या आसपास. हे तिघांनाही माहीत असू दे.

याच टप्प्यावर थांबून एक-दोन महिने गाडी चालवा. दादालाही चालवू दे. त्याला खटकेल ते त्याने लिहून काढावं, तू मध्ये बोलू नकोस.

पुढची पायरी पुढच्या बीमची. बीटलच्या पुढच्या बाजूला आडव्या दोन नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत पोलादी पट्ट्यांची जुडी. नळीच्या मधोमध स्क्रूने ती जुडी पकडलेली असते आणि टोकाला चाक धरणारे लोखंडी हात जोडलेले असतात. चाक वर गेलं की हात फिरतो आणि जुडीला पीळ बसतो. हाच तिचा स्प्रिंग. तुझा वर्कशॉपवाला यातल्या पट्ट्या काढणार होता. त्याने गाडी खाली येईल हे खरं. पण गाडी जितकी खाली, तितकी चाकाला वर जायला जागा कमी, आणि जागा कमी म्हणजे स्प्रिंग जरा कडक हवा. पट्ट्या काढल्या की तो उलट मऊ होतो. मग प्रत्येक खड्ड्यात हात रबरी अडथळ्यावर जाऊन आदळणार, आणि उरलेल्या पट्ट्यांवर त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त पीळ पडत राहणार. स्वस्त काम आहे ते एवढ्याचसाठी.

बरोबर पद्धत म्हणजे नळीच्या मधला भाग कापून तिथे फिरवता येणारा अ‍ॅडजस्टर वेल्ड करणं. आता तू म्हणशील, कापायचं नाही म्हणालात ना. बाबांच्या गाडीचा बीम कापायचा नाहीच. आख्खा बीम चासीच्या पुढच्या टोकाला चार मोठ्या बोल्टवर असतो. दुसरा बीम मिळव, अ‍ॅडजस्टर त्यात बसवून घे आणि तो गाडीला लाव. मूळचा साफ करून, ग्रीस फासून, गुंडाळून ठेवून दे. उद्या दादाला किंवा पुढच्या मालकाला गाडी पहिल्यासारखी हवी झाली तर तो आहे. वेल्डिंग मात्र ज्याने ही कामं केली आहेत अशाच माणसाकडून करून घे, कारण दोन्ही पुढची चाकं त्या जोडावर आहेत.

टायरने ४ सेंटीमीटर आले असतील तर बीमवर आणखी ३ पुरे. तुमच्या सालच्या गाडीला पुढे बॉल जॉइंट, म्हणजे हात आणि चाक यांना जोडणारे गोळीचे सांधे आहेत. ठरावीक कोनापुढे ते अडकायला लागतात, आणि अडकलेला बॉल जॉइंट एक दिवस तुटतो. त्याहून खाली हवीच असेल तर चाकाची खुंटी वर सरकवलेले वेगळे स्पिंडल मिळतात. त्यांत हातांचा कोन बदलत नाही, पण चाक थोडं बाहेर सरकतं आणि मडगार्डला घासायची भीती वाढते. माझा कल तिथवर न जाण्याकडे आहे.

आणि कास्टर. याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, म्हणून जरा थांबून सांगतो. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा बाजूने बघितली तर मागे कललेली असते. त्या कलण्यामुळे स्टिअरिंग सोडलं की चाक आपोआप सरळ होतं. फक्त नाक खाली आणलंस की आख्खी गाडी पुढे झुकते आणि हे कलणं कमी होतं. बीटलचं इंजिन मागे आणि पुढचा भाग हलका, त्यामुळे कास्टर कमी झाला की वाऱ्याच्या झोतात किंवा ट्रक शेजारून गेला की गाडी भरकटायला लागते. उपाय सोपा आणि स्वस्त आहे. बीमच्या खालच्या नळीमागे, बोल्टवर, पत्र्याच्या चकत्या घालायच्या, म्हणजे नळी पुढे सरकते आणि कलणं परत येतं. खाली बसवलेली बीटल सरळ चालत नाही अशी तक्रार करणाऱ्यांतल्या अर्ध्याअधिकांनी या चकत्या घातलेल्या नसतात असं माझं निरीक्षण आहे.

मागची बाजू वेगळी आहे. तिथे प्रत्येक चाकाला एक गोल टॉर्शन बार असतो, दोन्ही टोकांना दाते असलेला. आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतून एक दाता फिरवला की ९ अंश, बाहेरून एक दाता फिरवला की ८ अंश १० मिनिटं. आतला एका दिशेने आणि बाहेरचा उलट दिशेने एकेक दाता फिरवलास तर फरक फक्त ५० मिनिटांचा, म्हणजे एका अंशाहूनही कमी, चाकापाशी काही मिलिमीटर. नुसता बाहेरचा एक दाता म्हणजे सुमारे ५ सेंटीमीटर. वर्नियर कॅलिपरचं तत्त्व कुणीतरी स्प्रिंगमध्ये घालून ठेवलंय, आणि मला तरी या गाडीतली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते. कापणं नाही, जोडणं नाही. आधी मूळ जागी रंगाने खूण कर म्हणजे परत जाता येईल.

हे काम घरी करू नका. बारला चाकाशी जोडणाऱ्या पट्टीवर प्रचंड ताण असतो, ती खाचेतून सुटली तर तुमचा हात मोडेल. डावा-उजवा बार अदलाबदल करू द्यायचा नाही, त्यांना कारखान्यातच एका दिशेचा पीळ दिलेला असतो आणि तशी खूणही असते. बारच्या रंगावर ओरखडा उठू द्यायचा नाही, कारण भेग तिथूनच सुरू होते.

मागे २-३ सेंटीमीटरवर थांब. मागचे दोन्ही अ‍ॅक्सल फक्त गिअरबॉक्सपाशी वळतात, म्हणून गाडी खाली आली की चाकं वरून आत कलतात. थोडं कललेलं चांगलंच आहे. उंच उभ्या असलेल्या जुन्या बीटलचं मागचं चाक जोरात घेतलेल्या वळणावर पोटाखाली दुमडायला बघतं, ती खोड याने कमी होते. हा मुद्दा दादाला आवर्जून सांग. बेताने खाली आणलेली बीटल वळणावर कारखान्यातल्यापेक्षा जास्त भरवशाची असते. फार कललं तर टायरची आतली कड महिन्याभरात खाल्ली जाते.

या सगळ्याच्या आधी गाडी उचलून खालून बघायची आहे, आणि ते काम दादाला दे. मागच्या सीटखाली बॅटरी असते, तिच्या खालचा पत्रा बघावा. दोन्ही दारांखालच्या हीटरच्या पोकळ पट्ट्या, आणि पुढचा बीम जिथे बोल्टने बसतो ते चासीचं टोक. या तिन्ही ठिकाणी गंज हमखास धरतो. चासीचं टोक गंजलेलं निघालं तर खाली आणण्याचा विषय तिथेच थांबला, पैसे आधी तिकडे जाणार. सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना लागू नयेत म्हणून वर झाकण असतं. ते जागेवर नसेल तर आजच मिळवा, त्यापायी आगी लागलेल्या आहेत.

बीटल नसलेल्या पण हीच हौस असलेल्या वाचकांसाठी थोडं. गोल्फ, बीएमडब्ल्यूची ई-३०, मर्सिडीजची डब्ल्यू-१२३ यांना वेटोळ्यांचे स्प्रिंग असतात, आणि ग्राइंडरने दोन वेढे उडवायचा मोह तिथे होतो. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक हवेत लोंबकळलं की स्प्रिंग जागचा सुटू शकतो. तापवून बसवलेल्या स्प्रिंगचं पाणी उतरतं. आइबाख, एच अँड आर, बिलस्टाइन ही मंडळी दशकानुदशकं हेच बनवतात, स्प्रिंग आणि त्याला जुळणारे आखूड शॉक अ‍ॅब्सॉर्बर जोडीने घ्या. गोल्फ आणि ई-३० फार खाली नेली तर खालचे हात चाकाकडे वर चढतात, आणि मग वळणावर गाडी आधीपेक्षा जास्त झुकते. दिसायला शर्यतीची, चालायला वाईट.

धाकटे, चाकं बदलायची तुझी इच्छा पत्रात नाही पण ती येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. तुमच्या गाडीला २०५ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट आहेत. पोर्श ९११ची फुक्स चाकं १३० मिलिमीटरची, ती थेट बसत नाहीत. मूळ ब्रेक ड्रमला भोकं पाडू देऊ नकोस, १३०चे वेगळे ड्रम मिळतात, ते लाव. बोल्टची बैठकही तपास. फोक्सवॅगनच्या चाकाला गोल बैठकीचे बोल्ट लागतात, बाहेरच्या बऱ्याच चाकांना शंकूच्या आकाराचे. चुकीचा बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चालता चालता सैल होतो.

काम झालं की अलाइनमेंट करून घे आणि हेडलाइटचा झोत परत लाव, नाक झुकलं की तोही झुकतो. उंची मोजताना टाकी अर्धी भरलेली असू दे. ४० लिटरची टाकी बरोबर बीमच्या वर आहे, रिकामी आणि भरलेली यांत जवळजवळ ३० किलोंचा फरक पडतो. गाडी जिथे नोंदलेली आहे तिथे या बदलांना परवानगी लागते का, ते सामान विकत घेण्याआधी विचार.

बाबांना मध्ये ओढू नका. त्यांनी तुम्ही ठरवा म्हटलंय, तर पंच म्हणून त्यांच्यासमोर उभं राहणं बरं दिसत नाही. दोघांचं ठरलं की मग त्यांना सांगा, आणि टायर बदलल्यावर पहिली फेरी त्यांना शेजारी बसवून मारा. त्यांच्या कानाला आणि कमरेला ही गाडी तुम्हा दोघांपेक्षा जास्त कळते. काही आवाज नवा आला तर आधी त्यांच्याच लक्षात येईल.

बम्परचं विचारलंस. कॅल लुकवाल्यांनी काढले ते शर्यतीत वजन वाचवायला, मग तीच शोभा झाली. मलाही बिनबम्परची बीटल आवडते. पण बीटलचा मडगार्ड पातळ आहे, आणि पार्किंगमध्ये मागून हलकी टक्कर बसली तरी थेट इंजिनाच्या झाकणावर येते. काही देशांत बम्परशिवाय गाडी रस्त्यावर आणताही येत नाही. मेळाव्यापुरते काढ, एरवी लावून ठेव. सगळं मिळून आठ-दहा बोल्टचं काम आहे, आणि जुने बोल्ट गंजून पकडलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेव.